पाणी डोंगराचे, पाहुणे शहराचे, राहणाऱ्याचे काय?

निमोण्याच्या शिवारातून पश्चिमेकडे कितीही डोळे ताणले तरी भीमाशंकरचा डोंगर दिसत नाही. पण आपल्या पट्ट्याचे पोट त्याच डोंगरावर चालते. भीमा भीमाशंकरला उगम पावते, चासकमानला अडते आणि कालव्याने शिरूर तालुक्यात येते. घोड आहुप्याच्या बाजूने निघते, डिंभ्याला अडते आणि खाली चिंचणीच्या घोड धरणात येते. आपल्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. तिकडे घाटमाथ्यावर तीन हजारांच्या पुढे. आवर्तन कधी सुटणार, टेलला पाणी पोचणार का, यावर आपल्या पारावर तासन्‌तास बोलणे होते. पाणी जिथून येते तिथली माणसे कशी राहतात, यावर मात्र कोणी बोलत नाही.

ते आता बोलावे लागणार आहे. कारण त्या डोंगरात गेल्या काही वर्षांत पाहुण्यांची रीघ लागली आहे. पावसाळ्यातला कोणताही शनिवार-रविवार घ्या, मंचर-घोडेगावच्या पुढे रस्त्यावर मोटारींची आणि मोटारसायकलींची रांग असते. श्रावणी सोमवारी आपलीही पोरे त्यात असतात, हे आपण विसरू नये. पूर्वी भीमाशंकरला जायचे म्हणजे एसटीने जायचे, दर्शन घ्यायचे, पिठलं-भाकरी खायची आणि परत यायचे. आता देव राहतो बाजूला, धबधब्याखाली फोटो काढणे हे मुख्य काम. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने शिवकालीन बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात आपल्या जिल्ह्यातले शिवनेरी, राजगड आणि लोहगड आहेत. अभिमानाची गोष्ट आहे, त्यात वाद नाही. पण या मान्यतेने गर्दी वाढणार, आणि ती गर्दी ज्या गावांतून वर चढणार त्या गावांना कोणी काही विचारले आहे का, हा खरा सवाल आहे.

गर्दीचे परिणाम आपण वर्तमानपत्रात वाचतो ते अपघाताच्या रूपाने. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले आणि कितीतरी जखमी झाले. पूल धोक्याचा असल्याची पाटी तिथे होती. पाटी वाचायला आपल्याकडे सवड कोणाला?

अशी घटना झाली की प्रशासनाचे ठरलेले औषध म्हणजे बंदी. धबधब्याला बंदी, धरणाला बंदी, अमुक ठिकाणी संध्याकाळनंतर बंदी. माणसांचे जीव वाचत असतील तर बंदीला विरोध करण्याचे कारण नाही. पण बंदीचा फटका कोणाला बसतो ते बघा. पुण्याचा पाहुणा दुसरीकडे जातो. मक्याची कणसे भाजणारी बाई, चहाची टपरी टाकलेला पोरगा आणि घरात चार पाहुणे जेवू घालणारे कुटुंब यांचा त्या महिन्याचा पैसा बुडतो. रस्त्याच्या वरच्या अंगाला बांधलेल्या मोठ्या रिसॉर्टचे काही अडत नाही. त्याचा पोहण्याचा हौद त्याच्या कुंपणाच्या आत असतो.

तेव्हा पाहुणे यावेत की न यावेत, असा वाद घालण्यात अर्थ नाही. ते येणारच. ते आल्यावर पैसा कोणाच्या हातात पडतो, जमीन कोणाच्या नावावर जाते आणि उताराचे, पाण्याचे काय होते, या तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत.

आधी तिथे राहणाऱ्याकडे बघू. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती आहे. भाताची खाचरे, वरकस जमिनीवर नाचणी-वरई, आणि हिरडा. बाळहिरडा हे तिथले नगदी पीक म्हणा ना. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे उन्मळून पडली तेव्हा त्या लोकांच्या पुढच्या कितीतरी वर्षांच्या उत्पन्नावर पाणी पडले. आपला कांदा सडला तर पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतो, हिरड्याचे झाड तसे उभे राहत नाही. भात निघाला की घरातली धडधाकट माणसे खाली येतात. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभी असतात ती बरीचशी याच वाड्या-वस्त्यांतली. शिकलेली पोरे चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर लागतात. गावात उरतात म्हातारी माणसे आणि आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली मुले.

आणि पाण्याचे म्हणाल तर ऐकून खरे वाटणार नाही. जिथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे एप्रिल-मे महिन्यात बाया हंडा घेऊन डवऱ्यावर बसतात. काळा कातळ, तीव्र उतार आणि मातीचा पातळ थर. पाणी मुरतच नाही, सरळ खाली धावते. ते आपल्यासाठी धरणात साठते. त्या धरणात ज्यांची घरे बुडाली, त्यांच्या डोळ्यांदेखत साठते. डिंभ्याच्या जलाशयात आंबेगाव हे मूळ गावच गेले. तालुक्याचे नाव तेवढे राहिले आणि कचेरी घोडेगावात. उन्हाळ्यात पाणी उतरले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करायची, जलाशयात मासे धरायचे, यावर काही कुटुंबे तगली. मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या पाठीशी ‘शाश्वत’ ही संस्था होती. तिला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? आपल्याला डिंभ्याचे किती टक्के भरले एवढाच आकडा पाठ असतो.

‘पडकई’ हा शब्द आपल्या बाजूला फारसा ऐकू येत नाही. उतारावर दगडमातीचा बांध घालून भाताचे खाचर तयार करायचे, आणि ते एकमेकांच्या अंगमेहनतीने करायचे, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, असा तो प्रकार. हाताने, थोडे थोडे, दर वर्षी. पुढे त्याला रोजगार हमीतही जागा मिळाली. हे सांगण्याचे कारण माळीण.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही हे आधी लक्षात आले ते एसटीच्या चालकाला, कारण गावात दुसरे कोणी सांगायला उरलेच नव्हते. नंतर दोष कोणाचा यावर बरीच चर्चा झाली. कोणी अतिवृष्टीवर बोट ठेवले, कोणी पडकईवर, तर कोणी यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर. माझ्या मते हाताने घातलेला बांध आणि यंत्राने उतारात घातलेला घाव या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. डोंगराचा उतार हा खालच्या मातीच्या टेकूवर उभा असतो. तो टेकू कापला, वरून पाणी जाण्याच्या जुन्या वाटा बुजवल्या, आणि मग दोन दिवसांत मोप पाऊस झाला, की पाणी प्यायलेली माती कातळावरून घसरते. हे समजायला भूगर्भशास्त्र शिकायला नको. आपल्या विहिरीच्या कडेची माती पावसाळ्यात कशी ढासळते ते प्रत्येकाने पाहिलेले आहे.

माळीणच्या लोकांना आमडे येथे नवे गाव बांधून दिले, २ एप्रिल २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते खचले, भराव वाहिले, लोक पुन्हा भेदरले. पुढे २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गाडले गेले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत.

आता याच डोंगरांत आज काय चालले आहे? जेसीबी लावून उतार कापायचा, मुरमाचा सपाट ओटा करायचा, वरपर्यंत रस्ता न्यायचा, आणि ‘धरणाचे दृश्य दिसणारा प्लॉट’ म्हणून पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे विकायचे. पडकई हा आदिवासीचा जगण्याचा उद्योग होता, त्यावर तज्ज्ञांच्या समित्या बसल्या. शनिवार-रविवारच्या बंगल्यासाठी कापलेल्या डोंगरावर समिती बसल्याचे फारसे ऐकिवात नाही. त्या कापलेल्या मुरमाचे पुढे काय होते? तो पहिल्या पावसात ओढ्यात उतरतो, ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणात. निमोणे-गुणाटच्या शेतकऱ्याने हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा. धरणात जितका गाळ चढेल तितके पाणी कमी मावेल, आणि पाणी कमी पडले की पहिली कात्री बसते टेलला. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ म्हणून आपण खाली गाळ काढत बसायचे आणि वर कोणीतरी नवा गाळ तयार करत राहायचे, असला हा उद्योग आहे.

मोठ्या प्रमाणावर हे करून पाहिल्याचा दाखलाही आपल्याच जिल्ह्यात आहे. मुळशी तालुक्यात वरसगावच्या जलाशयाकाठी लवासा नावाचे डोंगरी शहर उभे करायला घेतले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, पुढे अटींवर परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जुलै २०२४ च्या पावसात तिथल्या बंगल्यांवरच दरड आली. शहर धड झाले नाही आणि डोंगर पूर्वीसारखा राहिला नाही. मुळशी हे नाव घेतले की जुन्या माणसांना दुसरी गोष्ट आठवेल. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट त्यातूनच ‘सेनापती’ झाले. वीज मुंबईला, जमीन मावळ्याची. शंभर वर्षांत गणित बदललेले नाही, फक्त विजेच्या जागी आता हवा आणि दृश्य विकले जाते.

कोणी म्हणेल, जमीन ज्याची त्याची, तो विकेल नाहीतर ठेवेल. इथे कायदा काय म्हणतो ते सरपंच आणि तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) यांनी लोकांना स्पष्ट सांगायला हवे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. जो शेतकरी नाही त्याला कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घेता येत नाही. मग हे प्लॉट जातात कसे? कुठे कोणाच्या तरी नावावर व्यवहार, कुठे कुलमुखत्यारपत्र, कुठे ‘विसार’ म्हणून दिलेली रक्कम आणि साध्या कागदावरचा करार. सातबारावर नाव मूळ मालकाचे आणि कुंपण दुसऱ्याचे. घरातला एखादा पोरगा मोटारसायकलसाठी अंगठा देऊन बसतो आणि बहिणींना, चुलत्यांना पत्ता नसतो. आपल्याकडे रांजणगाव-कारेगावच्या बाजूला औद्योगिक वसाहत झाल्यावर हे नाटक आपण पाहिलेले आहे. पैसा आला, गाड्या आल्या, आणि काही घरांत पैसाही गेला आणि जमीनही गेली. डोंगरातल्या माणसाला हा अनुभव सांगायला आपल्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

पण सगळे चित्र काळेच आहे असे नाही. पाहुण्याला गावाच्या अटीवर बोलावता येते, याची उदाहरणे आहेत.

अकोले तालुक्यातले पुरुषवाडी हे महादेव कोळी समाजाचे गाव त्यासाठी बघण्यासारखे आहे. गावातच राहायचे, गावातल्या घरी जेवायचे, आणि पाहुणे कोणाच्या घरी जेवणार हे पाळीने ठरायचे, अशी तिथली पद्धत. पाळी असल्यामुळे एकाच घराची भरभराट आणि बाकीचे बघे, असे होत नाही. पाहुणा शेतात जातो, चुलीवरची भाकरी खातो, पावसाच्या तोंडावर काजवे बघतो. एक बाहेरची संस्था पाहुणे पाठवते, पण त्यांना सांभाळतो तो गाव.

काजव्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे सांगतो, कारण त्यात सगळे मर्म आहे. मे अखेर ते जून मध्यापर्यंत भंडारदरा-कळसूबाईच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे लखलखतात. तो लखलखाट म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. अंधार असेल तरच ती साद पोचते. पण ‘काजवा महोत्सव’ म्हणून हजारो गाड्या रात्री त्या रस्त्यावर गेल्या, दिव्यांचे झोत झाडांवर पडले, मोबाइलचे प्रकाश, स्पीकरवर गाणी. मग काजव्यांनी काय करायचे? जे बघायला गेले तेच मोडून आले. शेवटी वन विभागाला अभयारण्यात रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध घालावे लागले. जिथे गाव मालक होता तिथे पाहुणे मोजून येत होते, आणि जिथे रस्ता मालक होता तिथे काजव्यांच्या झाडाखाली रात्रभर वर्दळ राहिली.

साताऱ्याचे कास पठार हा दुसरा दाखला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत ते गेले आणि लोक लोटले. तिथे आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी प्रवेश शुल्क, आधी नोंदणी आणि रोजच्या संख्येवर मर्यादा, अशी शिस्त लावली. त्यातून हंगामात गावातल्या पोरांना काम मिळाले. चूकही झाली. पठाराला तारेचे कुंपण घातले, गुरांची चराई बंद झाली, आणि फुले वाढण्याऐवजी कमी व्हायला लागली अशी तक्रार आली. कारण गुरे गवत खातात, त्यामुळे लहान फुलझाडांना ऊन मिळते. शेवटी कुंपण काढले. गुराख्याला हाकलून निसर्ग वाचत नाही, हे कासच्या गुरांनी सरकारला शिकवले असे म्हटले तर चालेल.

आणि लांब कशाला, आपल्या शिरूर तालुक्यातच मोराची चिंचोली आहे. डोंगर नाही, धबधबा नाही. चिंचेची झाडे आणि मोर. एवढ्या भांडवलावर त्या गावच्या शेतकऱ्यांनी कृषी पर्यटन उभे केले. हिवाळ्यात हुरडा, बैलगाडीची फेरी, मांडवाखाली पंगत. जमीन विकली नाही, शेतीही सोडली नाही, शेतीला जोड दिली. राज्य सरकारचे कृषी पर्यटन धोरण आले २०२० मध्ये. चिंचोलीची मंडळी त्याच्या कितीतरी आधी कामाला लागली होती. त्या धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, आपल्या पट्ट्यात कोणाच्या मनात असेल तर त्याने आधी चिंचोलीला जाऊन दोन दिवस बसावे, मग कागद करावेत. एक सावधगिरी मात्र हवी. गावात चार केंद्रे झाली की भाव पाडण्याची चढाओढ सुरू होते. पाहुण्यांचा दर ठरवण्याचे काम गावाने एकत्र बसून करावे, नाहीतर आपल्या कांद्यासारखी गत व्हायची.

डोंगरातल्या गावांना हे करण्याचा अधिकार कायद्याने आहे का? आहे, आणि आपल्यापेक्षा जास्त आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याचे २०१४ चे राज्याचे नियम अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमीन, पाणी, गौण वनोपज याबाबत बोलण्याचा हक्क देतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळतो. २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीला यात्राकर बसवण्याची तरतूद आहे. वाहनतळ, कचरा, स्वच्छतागृह यांचा खर्च पाहुण्याकडून घ्यायला कोणाची ना नाही, ना असायचे कारण नाही. घोडे अडते ते ग्रामसभा कागदावर होते इथे. कोरम नाही म्हणून तहकूब, तहकुबीनंतर चार सह्या, आणि ठराव मंजूर. अशा ठरावावर मग कोणाचा तरी बंगला उभा राहतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना दोष देऊन भागत नाही. एकेकाकडे दोन-दोन गावांचा पदभार असतो आणि बसायला जागा नसते. पण ना हरकत दाखल्याचा विषय ग्रामसभेपुढे वाचून दाखवणे एवढे तरी त्यांच्या हातात आहे. त्याला बजेट लागत नाही.

पश्चिम घाटाचे संवेदनशील क्षेत्र हा त्याहून मोठा विषय आहे. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत केंद्राने सहा वेळा मसुदा काढला. महाराष्ट्रातले सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात येते. गावोगाव या विषयावर भीती पसरवली गेली की घर दुरुस्त करता येणार नाही, गाय पाळता येणार नाही. मसुद्याचा मुख्य रोख खाणी, वाळू-दगड उपसा, औष्णिक वीज, लाल यादीतले कारखाने आणि फार मोठी बांधकामे यांवर आहे. गाडगीळ समितीचे म्हणणे तर असे होते की कुठे काय चालावे हे ग्रामसभांना विचारून ठरवावे. तो मुद्दा पुढे मागे पडला, आणि वाद उरला तो फक्त कोणते गाव आत, कोणते बाहेर एवढाच. गावाला न विचारता गावाच्या नकाशावर रेघ ओढली की गाव रेघेच्या विरोधात जाणार, मग रेघ कितीही चांगली असो. शासनाला हे दहा वर्षांत कळलेले दिसत नाही.

आपल्याकडून डोंगरात जाणारे पाहुणे काही आजचे नाहीत. दिवाळी झाली की पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यातले मेंढपाळ वाडा घेऊन घाट उतरतात, कोकणापर्यंत जातात आणि पावसाच्या आधी परततात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरे बसवायला सांगतो, रानाला खत मिळते, मेंढपाळाला धान्य नाहीतर पैसे मिळतात. कोणी कोणाची जमीन विकत घेत नाही. अलीकडे वन विभागाच्या कुंपणांनी आणि रस्त्यावरच्या भरधाव गाड्यांनी या लोकांची वाट अडवली आहे. मोटारीतून येणाऱ्याला वाहनतळ आणि मेंढरे घेऊन येणाऱ्याला दंड, असा न्याय चालू आहे. धनगरांच्या वाड्यांना जायच्या-यायच्या वाटा नकाशावर नोंदवून देणे हे काम महसूल आणि वन खात्यांनी मनावर घेतले तर एका हंगामात होण्यासारखे आहे.

निमोणेकर मंडळींनी, आणि आसपासच्या गावांनीही, येत्या श्रावणात भीमाशंकरला जाताना काही गोष्टी घरून ठरवून जाव्यात. गाडी घोडेगावात किंवा खाली कुठे लावून एसटीने वर जाता आले तर जावे. जेवण सोबत बांधून नेण्यापेक्षा वाटेतल्या गावातल्या घरात सांगावे, आधी फोन केला तर भाकरी गरम मिळते. हिरडा, मध, हातसडीचा तांदूळ घेतला तर घासाघीस करू नये. आपल्या कांद्याला व्यापारी कमी भाव देतो तेव्हा आपल्याला कसे वाटते ते आठवावे. कोणी ‘स्वस्तात धरणाकाठी दोन गुंठे आहेत’ म्हणाला तर आधी सातबारा, मग फेरफार, मग कलम ३६ची परवानगी विचारावी. तो माणूस पुन्हा फोन करणार नाही.

आणि पाणीवापर संस्थांच्या बैठकीत एक विषय घ्यायला हरकत नाही. आवर्तनाच्या मागणीचे पत्र आपण पाटबंधारे खात्याला दर वर्षी लिहितो. चासकमान आणि डिंभ्याच्या वरच्या बाजूला उतार कापून होणाऱ्या बांधकामांना कोणत्या परवानग्या दिल्या, आणि धरणात दर वर्षी किती गाळ येतो त्याचे मोजमाप कधी झाले, एवढे दोन प्रश्न त्याच पत्रात जोडावेत. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. अर्जाची फी दहा रुपये आहे. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. आलेले उत्तर निमोण्याच्या ग्रामसभेत वाचावे आणि त्याची एक प्रत आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या एखाद्या सरपंचाला पाठवावी. टेलच्या गावाने उगमाच्या गावाला लिहिलेले ते बहुधा पहिलेच पत्र ठरेल.